विमान कोणाचं उडालं, आणि वही कोणाकडे होती?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण राइट बंधूंच्या सायकल दुकानाबद्दल बोललो. व्हिडिओत सगळे आकडे बसत नाहीत, म्हणून सविस्तर धडा इथे देतोय. शेवटी गृहपाठ आहे, तेवढा मात्र नक्की करा.

आजचा मुद्दा सोपा आहे. ज्या कामाची नोंद नाही ते काम तसंच्या तसं दुसऱ्यांदा करता येत नाही. आणि जे दुसऱ्यांदा करता येत नाही, त्यावर धंदा उभा राहत नाही.

१. आधी चौपाटीची गोष्ट

ही गोष्ट तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ना कधी आली असेल. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान १,५०० फूट उडवलं, सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे ते बघायला हजर होते, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी एका मराठी माणसाने विमान उडवलं. २०१५ मध्ये यावर 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमाही आला. मोटिव्हेशनल सेशनमध्ये ही गोष्ट सांगितली की टाळ्या हमखास पडतात.

आता धंदेवाल्यासारखा हिशोब मागू. तळपदे ही खरी व्यक्ती, मुंबईतली, आणि विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, हेही खरं. पण त्या दिवसाचा फोटो नाही. आराखडा नाही. विमानाचं वजन किती, पंख किती लांब, ताकद कुठून मिळाली, यातला एकही आकडा नाही. तपासून बघता येईल अशी त्या काळातली बातमीही कोणी समोर ठेवलेली नाही.

फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाचं नाव येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये हा ग्रंथ तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडूच शकत नाहीत. म्हणजे १८९५ च्या उड्डाणाला तो आधार होऊ शकत नाही.

काही जणांना हे वाचून वाईट वाटेल. पण खरं नुकसान काय झालंय बघा. तळपद्यांनी खरोखर काय बनवलं, कुठपर्यंत पोचले, कुठे अडकले, हे आज कोणालाच कळू शकत नाही. समजा ते शंभर फूट जरी गेले असते आणि त्याची नीट वही असती, तर पुढचा माणूस तिथून सुरू करू शकला असता. गोष्ट मोठी झाली, आणि माणसाचं काम मात्र हातात राहिलं नाही. म्हणून माझी विनंती आहे, सेशनमध्ये ही गोष्ट सांगायचीच असेल तर अशी सांगा.

२. सायकलचं दुकान आणि वाऱ्याचा तक्ता

आता अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन गावात जाऊ. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ. कॉलेजची पदवी दोघांकडेही नाही. आधी छापखाना, मग १८९२ पासून सायकलचं दुकान. विक्री, दुरुस्ती, आणि पुढे स्वतःच्या ब्रँडच्या सायकली. म्हणजे आपल्यासारखेच गल्ल्यावर बसणारे लोक.

१८९९ च्या मे महिन्यात विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं, की उडण्याबद्दल आतापर्यंत जे जे छापलं गेलंय त्याची माहिती द्या. पहिलं काम हे. आपल्या आधी कोणी काय केलंय ते गोळा करणं.

दुसरं काम जागेचं. ग्लायडर उडवायला सतत वारा हवा. भाऊ गावोगाव फिरत बसले नाहीत. सरकारी हवामान खात्याकडून वेगवेगळ्या ठिकाणच्या वाऱ्याचे तक्ते मागवले आणि त्यावरून समुद्रकिनाऱ्यावरचं किटी हॉक हे गाव शोधलं. नवीन दुकानासाठी गाळा बघताना आपण भाडं विचारतो. समोरून सकाळी आठ ते दहा किती माणसं जातात, हे किती जण मोजतात?

३. सगळे वापरतात तो आकडा

१९०१ चा ग्लायडर निराशाजनक निघाला. हिशोबाप्रमाणे जेवढी उचल मिळायला हवी होती त्यापेक्षा बरीच कमी मिळाली. दोघं हताश होऊन घरी आले.

आता चूक कुठे होती? हवेचा दाब काढायला सगळे जण एक ठरलेला आकडा वापरायचे, ०.००५. स्मीटन या इंग्रज इंजिनिअरच्या नावाने तो शंभराहून जास्त वर्षं चालत आला होता. मोठमोठे लोक तोच वापरत होते, मग आपण कशाला शंका घ्यायची?

भावांनी शंका घेतली आणि स्वतः मोजायचं ठरवलं. मोजायला पैसे किती लागले असतील? आधी सायकलच्या हँडलवर एक आडवं चाक बसवलं, त्यावर पंखाचा छोटा नमुना लावला आणि गावात जोरात सायकल मारली. त्यातून अंदाज आला, पण पक्कं उत्तर मिळेना. मग दुकानातच सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला. आत मोजणीचा काटा केला तो करवतीच्या पात्याचे तुकडे आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून. या पेटीत त्यांनी सुमारे २०० आकारांचे पंख तपासले आणि प्रत्येकाचे आकडे वहीत उतरवले.

निष्कर्ष असा निघाला की तो सर्वमान्य आकडा चुकीचा आहे. खरा आकडा ०.००३३ च्या आसपास. जवळजवळ दीडपट फरक!

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या मार्केटमध्येही असे स्मीटनचे आकडे फिरत असतात. 'या लाइनमध्ये तीस टक्के मार्जिन सुटतंच.' 'दिवाळीत दुप्पट माल भरायचा.' हे आकडे कोणी, कधी, कोणत्या दुकानात मोजले? आपल्या दुकानात आपण मोजले का? आणि मोजायला कन्सल्टंट लागत नाही, लाकडी पेटी पुरते.

पेटीतल्या आकड्यांवरून १९०२ चा ग्लायडर बनला आणि तो नीट उडाला, वळला, सावरला. त्याच्यावर त्यांनी शेकडो वेळा सराव केला. इंजिन तोपर्यंत कुठेच नव्हतं. आधी तोल सांभाळायला शिकायचं, ताकद नंतर लावायची. सायकलवाल्यालाच हे सुचणार, कारण सायकल मुळात तोलावर चालते.

४. बारा सेकंद, पण मोजलेले

इंजिन विकत मिळेना, तेव्हा दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचं इंजिन बनवून दिलं. पंखे फिरवायला चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे पुन्हा सायकलचंच ज्ञान.

१४ डिसेंबर १९०३ ला नाणेफेक झाली. विल्बर जिंकला, पण विमान उठताच खाली आपटलं आणि मोडलं. दुरुस्ती करून १७ डिसेंबरला परत उभे राहिले. या वेळी ऑर्व्हिलची पाळी. १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवशी आळीपाळीने चार उड्डाणं झाली. चौथ्या वेळी विल्बर ५९ सेकंद राहिला आणि ८५२ फूट गेला. त्यानंतर वाऱ्याच्या झोतात विमान उलटलं आणि ते पुन्हा कधीच उडालं नाही.

आता नोंदीची तयारी बघा. विमानावरच स्टॉपवॉच, वारा मोजायचं यंत्र आणि इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र बसवलेलं होतं. कॅमेरा ऑर्व्हिलने आधीच स्टँडवर लावून ठेवला होता आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्याचा जॉन डॅनियल्स याला बटण दाबायला सांगितलं होतं. भाऊ सोडून पाच माणसं साक्षीला हजर होती. वडिलांना पाठवलेल्या तारेत ५९ चे ५७ सेकंद झाले, पण वहीत ५९ होते, म्हणून आज आपण ५९ म्हणतो.

५. पैसा कोणाकडे होता?

त्याच वर्षी, त्याच देशात, दुसरा स्पर्धक होता सॅम्युअल लँगली, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांना लष्करी खात्याकडून ५०,००० डॉलर मिळाले होते. त्यांचं विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला, दोन्ही वेळा सुटता सुटता पोटोमॅक नदीत पडलं. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले. त्यांचा एकूण खर्च एक हजार डॉलरच्या आत होता, आणि तोही सायकलच्या दुकानातून आलेला.

लँगली हुशार नव्हते असं नाही. त्यांनी आधी इंजिनावर जोर दिला आणि माणूस बसवून तोल सांभाळायचा सराव झालाच नव्हता. फंडिंग मिळालं की टेस्टिंग संपलं असं आपल्यालाही वाटतं. कर्ज मंजूर झालं म्हणून तिसरी शाखा उघडणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं.

६. तरीही लोकांनी मानलं नाही

तुम्हाला वाटेल, फोटो आहे, साक्षीदार आहेत, मग विषय संपला. नाही संपला. युरोपातल्या वर्तमानपत्रांनी अनेक वर्षं शंका घेतली. ८ ऑगस्ट १९०८ ला फ्रान्समध्ये ल मांजवळ विल्बरने सगळ्यांसमोर दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ विमान उडवलं, तेव्हा तोंडं बंद झाली. तिथेही मुद्दा तोच, दुसऱ्यांदा करून दाखवता आलं.

घरी तर जास्तच त्रास. स्मिथसोनियन संस्था लँगलींचं विमानच माणसासह उडू शकणारं पहिलं विमान असं म्हणत राहिली. कारण १९१४ मध्ये ते बाहेर काढून उडवून दाखवलं होतं. पण आधी त्यात बरेच बदल केले होते. रागावून ऑर्व्हिलने १९२८ मध्ये आपलं मूळ विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिलं. शेवटी १९४२ मध्ये संस्थेने त्या बदलांची यादी छापली आणि दावा मागे घेतला. विमान १९४८ मध्ये वॉशिंग्टनला परत आलं, पण ते बघायला ऑर्व्हिल राहिला नव्हता.

चाळीस वर्षं वाद चालला. पत्रं, डायऱ्या, काचेवरचे फोटो, आकड्यांच्या वह्या जपलेल्या नसत्या तर काय झालं असतं? त्यांचीही एक चौपाटीची गोष्टच झाली असती.

७. कांदिवलीची गच्ची

आपल्याकडेही नोंद असलेली गोष्ट आहे, आणि ती चौपाटीच्या गोष्टीपेक्षा जास्त सांगायला हवी. कॅप्टन अमोल यादव, मूळचे सातारा जिल्ह्यातले, पेशाने वैमानिक. कांदिवलीत चारकोपला घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं. पण विमान तयार असणं आणि ते उडवायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, चाचणी उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये.

सरकारी कागदांना वेळ लागतो यावर आपण सगळेच चिडतो, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण बांधणं जितकं काम, तितकंच कागद पूर्ण करणं हेही काम. फूड लायसन्स असो की उद्यम नोंदणी, ते 'नंतर बघू'च्या यादीत टाकू नका.

८. आता आपली चकली

कल्याणच्या बॅचमध्ये हमखास प्रश्न येतो, 'सर, वही लिहायला वेळ कुठे आहे?' उदाहरण घेऊ.

समजा डोंबिवलीत एक ताई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेतात. चकली त्यांची खासियत. गेल्या वर्षी उत्तम झाली, या वर्षी तेलात पडली की तुटतेय. त्या म्हणणार, पीठ चांगलं आलं नाही. मदतनीस म्हणणार, तेल बदललंय. सासूबाई म्हणणार, मोहन जास्त पडलंय. तिघींपैकी बरोबर कोण? गेल्या वर्षीचं मोहनाचं माप कुठेच लिहिलेलं नसेल, तर सांगता येणार नाही. सगळं 'अंदाजाने' आणि एकाच माणसाच्या हातात. तो माणूस आजारी पडला की ऑर्डर रद्द.

याच ताईंनी प्रत्येक घाण्याला चार ओळी लिहिल्या असत्या तर अर्ध्या किलोच्या तीन छोट्या घाण्यांत चूक सापडली असती. ती त्यांची लाकडी पेटी. वागळे इस्टेटमधला जॉबवर्कवाला असो की स्टेशनबाहेरचा मोबाइल दुरुस्तीवाला, पद्धत हीच.

गृहपाठ

एक साधी शंभर पानी वही घ्या. अ‍ॅप नको, एक्सेल नंतर. रोज फक्त चार गोष्टी लिहा:

१. आज काय वेगळं करून बघितलं? एका वेळी एकच बदल.
२. आधी आकडा किती होता, नंतर किती झाला? वजन, वेळ, रुपये, गिऱ्हाईक, काहीही चालेल, पण आकडा हवा.
३. साक्षीदार कोण? फोटो, बिल किंवा कस्टमरचा मेसेज.
४. यावरून उद्या काय करणार?

फसलेला प्रयोग खोडू नका. १९०१ चा फसलेला ग्लायडर होता म्हणूनच ती पेटी बनली.

तीस दिवसांनी वही दुकानातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही नसताना त्याला तोच माल बनवायला सांगा. जमलं, तर तुमचा धंदा तुमच्याशिवायही चालू शकतो. नाही जमलं, तर वहीत काय लिहायचं राहिलंय ते त्याच दिवशी कळेल.

पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून कॉस्टिंग कसं काढायचं ते बघू. भेटूया.