झाड म्हणू नकोस, वड म्हण

बाळा, घराण्याचा कुलवृत्तांत तू आता संगणकावर घेतोयस म्हणे. नावाला बोट लावलं की त्या माणसाचं पान उघडणार. छान! हा उद्योग तुझ्या आत्यानं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या काळात करून पाहिला आणि तोंडघशी पडली. तेव्हा कान इकडे कर.

१. वंशवृक्ष हा शब्द आधी डोक्यातून काढ. झाडात प्रत्येक फांदीला वर एकच जोड असतो, आणि आपल्या दत्तक गेलेल्या काकांना बाप दोन — म्हणून रचना ग्राफची, म्हणजे जाळ्याची घे. वडाच्या पारंब्या कुठेही टेकतात.

२. छापील प्रतीत मी कुठे आहे ते बघ: भावांना पानंच्या पानं, मला अर्धी ओळ, ‘कन्या, विवाहित’. कुणाच्या मनात वाईट नव्हतं — पण झाडाच्या रचनेत लेकीच्या पुढच्या रेघेला जागाच नसते, आणि कागदाला जे मांडता येत नाही ते दोन पिढ्यांत माणसंही विसरतात.

३. माणसाची ओळख नावावर ठेवू नकोस, क्रमांकावर ठेव — नातवाला आजोबांचं नाव देणारं आपलं घर, तीन पिढ्यांत एकाच नावाचे दोघे निघतात. आणि माझं तर लग्नात आडनावच काय, पाळण्यातलं नावही गेलं. नाव फिरस्तं, क्रमांक घरजावई.

४. त्या क्रमांकात शहाणपणा कोंबू नकोस. मी ‘३-२-१’ असे पिढी-शाखा सांगणारे क्रमांक दिले होते, आणि मग जुन्या वहीत पणजोबांचे एक विसरलेले थोरले भाऊ सापडले — सगळी शाखा पुन्हा मोजावी लागली. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांकांनीच सांभाळल्या, पण त्याचा क्रमांक फक्त जागा सांगायचा, विषय नाही. १ आणि २ यांच्या मध्ये १अ सुखानं बसायचा.

५. गाठ मारताना दोन्ही टोकं हातात धर. टेड नेल्सननं १९६५ साली ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द दिला, तेव्हापासून त्याचा हट्ट होता की दुवा दोन्हीकडून दिसावा. टिम बर्नर्स-लीच्या १९८९ च्या प्रस्तावातून उभ्या राहिलेल्या वेबनं मात्र एकतर्फी दुवे घेतले — त्यामुळे कुणालाही न विचारता जोडता आलं, ती भराभर पसरली, आणि पान हललं तर जोडणाऱ्याला पत्ता नाही. तुझ्या घरात दोन्ही टोकं तुझीच आहेत, मग कंजुषी कशाला?

६. तरी दुवा दोन्ही पानांवर हातानं लिहू नकोस. तो वेगळ्या तक्त्यात एकदाच ठेव — दोनदा लिहिलेलं लग्न दोन तारखांना लागतं, हे मी स्वतः करून पाहिलंय.

७. प्रत्येक दुव्याला जात सांग: जन्म, दत्तक की विवाह — नुसता धागा सांगत नाही, तो राखीचा की पतंगाचा. मावसभाऊ, चुलतसासरे वगैरे मात्र साठवू नकोस. ते या तिघांवरून संगणकाला काढू दे, त्याला दुसरं काम काय?

८. प्रोग्राम नात्यांवरून फिरायला सोडलास, तर भेटलेल्या माणसाला खूण करत जा. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नं झाली आहेत. माझा प्रोग्राम आजीपासून मामा, मामाची लेक, तिचा नवरा, त्याची आई असा चालत पुन्हा आजीच्या दारात — रात्रभर प्रिंटर करकरला, आणि सकाळी कागदाच्या ढिगात तीच पाच माणसं.

९. पुढे कुणाकडे जायचं ती यादी रांगेसारखी ठेव, ताटांच्या चळतीसारखी नको — रांगेत आधी सख्खे भेटतात, मग चुलत. चळतीत शेवटचं ताट पहिलं उचललं जातं, आणि भावाला भेटण्याआधी तू वहिनीच्या मावससासऱ्यांकडे चहा पीत बसतोस.

१०. मागे जायच्या बटणाला मात्र चळतच बरी. फक्त एक ध्यानात ठेव, दोन पावलं मागे येऊन नवी वाट धरली की जुनी पुढची वाट पुसली जाते — म्हणून वाट जपून ठेवायची सोयही दे. व्हॅनेव्हर बुशनं १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ हे यंत्र कल्पिलं, तेव्हा त्याला पानांइतकीच पानांमधली वाट जपावीशी वाटली होती. यंत्र काही झालं नाही.

११. शब्दाशब्दाला दुवा लावू नकोस. मराठी विश्वकोशाचा खंड उघड. नोंदीत मध्येच बाण दिसतो, आणि तिथे खरोखर दुसरी नोंद तुझी वाट पाहत असते — सगळीच दारं उघडी टाकली तर पाहुणा अंगणातच गोंधळतो.

१२. एकच माणूस दोन पानांवर निघाला तर एक पान पुसू नकोस, त्यावर दुसऱ्याकडे पाठवणारी पाटी लाव — अमेरिकेतल्या मामेभावानं जुना पत्ता जपून ठेवलेला असतो. पाटीवरून पुन्हा पाटीकडे मात्र नको.

१३. महिन्यातून एकदा, ज्यांच्याकडे कुठूनच दुवा येत नाही अशी पोरकी पानं शोध. बहुतेक बायकाच सापडतील.

माझं पान करशील तेव्हा माहेरचं नाव आधी लिही. आणि रविवारी ये. छापील प्रतीत समासभर मी पेन्सिलीनं रेघा जोडल्या आहेत, त्यातल्या दोन कुणाच्या ते आता मलाही वाचता येत नाही. तुझी नजर चांगली आहे.