ग्रीक व्याकरण, सत्तावीस फायली आणि ग्रेप

दहावीला संस्कृत घेतलेल्यांनी जरा हात वर करा. 'मार्क पडतात म्हणून घेतलं होतं' असं सांगणाऱ्यांनीसुद्धा! कारण इंजिनीअरिंगला आल्यावर ज्या रूपावलीचा आता काय उपयोग असं आपण समजतो, तीच मला गेल्या सेमिस्टरला अगदी अनपेक्षित ठिकाणी कामाला आली. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक भाषेत.

झालं असं, की माझा रूममेट ख्रिस्ती कुटुंबातला. त्याच्या आजोबांनी गावच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे प्रवचनं केलेली. त्यातलं एक त्याला तोंडपाठ आहे, ते असं: ग्रीकमध्ये प्रेमाला दोन क्रियापदं आहेत. 'अगापाओ' म्हणजे देवाचं निरपेक्ष, उच्च प्रेम आणि 'फिलेओ' म्हणजे माणसांमधली मैत्री, जिव्हाळा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? दोनदा 'अगापाओ' वापरून विचारतो आणि पेत्र दोन्ही वेळा 'फिलेओ'ने उत्तर देतो. तिसऱ्या खेपेला येशू स्वतःच 'फिलेओ'वर उतरतो. म्हणजे देव माणसाच्या पातळीवर खाली आला. प्रवचन सुंदरच आहे. रूममेटचा प्रश्न एवढाच होता, की हे ग्रीकमध्ये खरंच असं आहे का? आजोबांना ग्रीक येत नव्हतं, त्यांनीही ते कुठून तरी ऐकलेलं. आणि कॉम्प्युटरवाला म्हणून त्याने तो प्रश्न माझ्याकडे ढकलला.

आधी भाषेबद्दल थोडं, कारण ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिला गेला तिला 'कोइने' म्हणतात, म्हणजे सामायिक, बाजारात-बंदरात चालणारी ग्रीक. लिपी सोडली तर संस्कृतवाल्याला तिथे पदोपदी नातेवाईक भेटतात. 'फेरो' म्हणजे भरामि, 'दिदोमि' म्हणजे ददामि, 'एस्ति' म्हणजे अस्ति, 'पातेर' म्हणजे पिता. भूतकाळ करताना संस्कृतात धातूच्या आधी 'अ' लागतो ना, भरति – अभरत्? ग्रीकमध्ये तिथे 'ए' लागतो: फेरेइ – एफेरे. आत्मनेपद आहे. लुङ् आहे (तिकडे त्याला 'आओरिस्ट' म्हणतात, आणि तो लुङ्‌सारखा दुर्मिळ नाही, पानोपानी आहे). विभक्त्या मात्र आठ नाहीत, पाचच: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन. पंचमीचं काम षष्ठीने आणि तृतीया-सप्तमीचं काम चतुर्थीने उरकलं आहे. द्विवचन नव्या करारापर्यंत येता येता गळूनच गेलं. 'देवौ, देवाभ्याम्' पाठ करताना ज्यांचा जीव गेला त्यांना ग्रीक लोकांचा हेवा वाटेल!

आता साधनांकडे येऊ. धर्मग्रंथातले शब्द मोजण्याचं वेड जुनं आहे. जेम्स स्ट्राँगची शब्दसूची १८९० साली निघाली, ती सगळी हाताने केलेली. त्यात प्रत्येक ग्रीक मूळशब्दाला क्रमांक आहे. 'अगापाओ' २५, 'फिलेओ' ५३६८. आपल्या भाषेत, छापील डेटाबेसची प्रायमरी की. १९५७ साली जॉन एलिसनने इंग्रजी बायबलच्या एका आवृत्तीची शब्दसूची युनिव्हॅक संगणकावर तयार केली. पुढे लोगोस, अकॉर्डन्स, बायबलवर्क्स अशी विकत घ्यायची सॉफ्टवेअर आली. त्यातलं बायबलवर्क्स २०१८ मध्ये बंद झालं. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं 'स्टेप बायबल' फुकट आहे आणि ज्याला प्रोग्राम लिहायचा नाही त्याने सरळ तेच वापरावं. शब्दावर क्लिक केलं की मूळ रूप, व्याकरण, सगळं समोर येतं.

पण हॉस्टेलवर राहून क्लिक करण्यात काय मजा? आम्ही 'मॉर्फजीएनटी' घेतलं. नाव भारी असलं तरी वस्तू साधी आहे: सत्तावीस पुस्तकांच्या सत्तावीस टेक्स्ट फायली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रीक संहितेवर त्या बेतलेल्या आहेत. एका ओळीत एकच शब्द, अशा सुमारे १ लाख ३७ हजार ओळी. प्रत्येक ओळीत सात खाने. पहिल्यात पुस्तक-अध्याय-ओवीचा सहा आकडी क्रमांक, दुसऱ्यात शब्दाची जात, तिसऱ्यात व्याकरणाचा कोड, मग तोच शब्द तीन प्रकारे (विरामचिन्हासकट, विरामचिन्हाशिवाय आणि आघात प्रमाणित करून) आणि सातव्यात मूळशब्द. व्याकरणाचा कोड आठ अक्षरांचा, जागा ठरलेल्या: पुरुष, काळ, प्रयोग, अर्थ, विभक्ती, वचन, लिंग, तर-तमभाव. जे लागू नाही तिथे आडवी रेघ. मोरो केशव दामल्यांनी हे पाहिलं असतं तर खूष झाले असते असं मला वाटतं. पदच्छेद करून टेबलात भरलेला अख्खा ग्रंथ आहे हा!

यावर काम करायला पायथनच्या दहा ओळी पुरतात. फाईल उघडा, ओळ स्पेसवर तोडा, सातवा खाना तपासा, मोजा. पायथन नको असेल तर ग्रेप आहेच.

एक खड्डा मात्र आधीच सांगतो. शब्द शोधला आणि उत्तर शून्य आलं, तर लगेच निष्कर्ष काढू नका. ग्रीक अक्षरावर आघात असतो आणि युनिकोडमध्ये आघातवाला अल्फा दोन ठिकाणी बसलेला आहे, एक साध्या ग्रीक विभागात आणि एक विस्तारित ग्रीक विभागात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला मात्र ते वेगळे. आपल्या 'ऱ्या'तला र नाही का, एकच सांकेतिक क्रमांक देऊन किंवा साधा र अधिक नुक्ता असा दोन तऱ्हांनी लिहिता येतो? तसंच. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजू युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणायच्या, पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. शिवाय वाक्यात पुढे शब्द आला की शेवटचा आघात दिशा बदलतो, आणि शब्दाच्या शेवटी 'सिग्मा' वेगळ्या आकाराचा येतो. तेव्हा वाक्यातलं रूप शोधण्याच्या फंदात न पडता सातव्या खान्यातला मूळशब्द शोधलेला बरा. युनिकोडच्या आधी ग्रीकवाल्यांनी 'बीटा कोड' नावाची युक्ती काढली होती: सगळं रोमन अक्षरांत, आघाताला तिरकी रेघ, श्वासचिन्हाला कंस. आणि नंतरचे ग्रीक फॉन्ट तर आपल्या श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेवसारखेच, फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा. ज्यांनी कधी मासिकाच्या जुन्या फायली उघडून पाहिल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

तर, प्रेमाचा प्रश्न. नव्या करारात 'अगापाओ' १४३ वेळा आणि 'फिलेओ' २५ वेळा येतं. एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात ३७ आणि १३. (संहितेची आवृत्ती बदलली तर एखाद-दुसऱ्याचा फरक पडू शकतो.) आकड्यांनी काही सिद्ध होत नाही, म्हणून आम्ही त्या पन्नास जागांची यादी छापून काढली आणि कर्ता-कर्म लावत बसलो. पिता पुत्रावर प्रेम करतो असं योहान दोनदा म्हणतो. ३:३५ मध्ये क्रियापद 'अगापाओ', ५:२० मध्ये 'फिलेओ'. कर्ता तोच, कर्म तेच, अर्थही तोच. 'येशूचा आवडता शिष्य' हा वाक्प्रयोग १३:२३ ला 'अगापाओ'ने आणि २०:२ ला 'फिलेओ'ने. उलट ३:१९ मध्ये लोकांना प्रकाशापेक्षा अंधार प्रिय वाटला, तिथे क्रियापद 'अगापाओ'! आणि योहानाबाहेर, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:१०) देमास नावाचा सहकारी पौलाला सोडून जातो, कारण त्याला हे जग प्रिय झालं. तिथेही 'अगापाओ'च.

गणितात एक प्रतिउदाहरण पुरतं. इथे चार मिळाली. 'अगापाओ म्हणजे नेहमीच उच्च प्रेम' हा नियम टिकत नाही.

त्यावर रूममेटने वकिली केली, की नियम म्हणून नसेल, पण त्या एका संवादात तरी लेखकाने मुद्दाम फरक केला असेल? प्रश्न रास्त होता. म्हणून त्याच तीन ओव्यांतले बाकीचे शब्द काढले. येशू पेत्राला सांगतो, माझ्या मेंढरांना चार. पहिल्यांदा शब्द आहे 'आर्निया', म्हणजे कोकरं, नंतर दोनदा 'प्रोबाता', म्हणजे मेंढरं. 'चार'साठी आधी 'बोस्के', मग 'पोइमाइने', परत 'बोस्के'. 'तुला ठाऊक आहे' यासाठी 'ओइदास', 'ओइदास', आणि तिसऱ्या वेळी 'ओइदास'च्या जोडीला 'गिनोस्केइस'. म्हणजे या लेखकाला तोच शब्द पुन्हा पुन्हा न वापरण्याची खोड आहे. आईचं प्रेम लिहून झालं की पुढच्या ओळीत आपण आईची माया लिहितो, तसं. जो प्रेमाच्या दोन शब्दांत सिद्धांत शोधतो, त्याने कोकरू आणि मेंढरातही तो दाखवायला हवा. पेत्राला वाईट का वाटलं याचं कारण मजकूर स्वतःच देतो: त्याला तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. ज्याने तीनदा ओळख नाकारली त्याला तीनदा विचारलं जातं, ही गोष्ट क्रियापदांच्या फरकाशिवायही पुरेशी जड आहे, असं माझं मत.

रूममेट त्या रात्री फारसं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एवढंच म्हणाला, 'आजोबा असते तर मी हे त्यांना सांगितलं नसतं. पण मी स्वतः प्रवचन करणार असलो तर ते तसं करणार नाही.' मला हे पटलं.

मात्र सॉफ्टवेअर म्हणेल ती पूर्व दिशा, असंही नाही. तो आठ अक्षरी कोड आकाशातून पडलेला नाही, तो कुणीतरी माणसाने ठरवलेला आहे. संस्कृतात 'फलम्' नुसतं पाहून प्रथमा की द्वितीया सांगता येत नाही, ग्रीक नपुंसकलिंगातही तेच. तिथे निदान संदर्भ मदत करतो. योहान १४:१ मध्ये तोही करत नाही. 'पिस्तेउएते' हे रूप तिथे एकाच वाक्यात दोनदा आहे, एकदा देवाबद्दल आणि एकदा येशूबद्दल. या रूपाचा अर्थ 'तुम्ही विश्वास ठेवता' (स्वार्थ) असाही होतो आणि 'तुम्ही विश्वास ठेवा' (आज्ञार्थ) असाही. दोन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे चार शक्यता, आणि अनुवादकांनी त्यातल्या एकाहून अधिक वापरल्या आहेत. फाईलच्या चौथ्या जागेत मात्र एकच अक्षर मावतं. तिथे 'दोन्ही शक्य' असं लिहायची सोयच नाही. आपण आज्ञार्थांची मोजणी करतो तेव्हा खरं तर संपादकाच्या निर्णयांची मोजणी करत असतो. सर्व्हेच्या डेटावर प्रोजेक्ट करणाऱ्यांना हे नवीन नसेल.

मराठीतून वाचणाऱ्याला तर यापुढची अडचण आहे. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. सॉफ्टवेअर नाही, ग्रेप नाही. पण संस्कृत व्याकरण मुरलेलं डोकं होतं, आणि वर सांगितलेली आत्मनेपदं आणि लुङ् त्यांना आमच्याइतकी कोड्यात टाकत नसतील. कोणत्याही मराठी भाषांतरकाराला एक निर्णय मात्र घ्यावाच लागतो, जो ग्रीकमध्ये नाहीच आणि इंग्रजी भाषांतरकाराला कधी शिवतही नाही: आम्ही की आपण?

ग्रीकमध्ये 'आम्ही'ला एकच शब्द, 'हेमेइस'. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही हे रूपावरून कळत नाही. प्रार्थनेत अडत नाही, देवाला 'आमच्या पित्या' म्हणायचं, 'आपल्या पित्या' म्हटलं तर देवालाही बाप आहे असं होईल! पण मार्क ४:३८ घ्या. वादळ सुटलंय, होडीत पाणी शिरतंय, येशू मागे उशीवर झोपलाय. शिष्य त्याला उठवून म्हणतात, गुरुजी, 'अपोल्लुमेथा', याची तुम्हाला काही पर्वा नाही का? (शेवटचा 'मेथा' म्हणजे आपल्या 'लभामहे'तल्या 'महे'चा चुलतभाऊ.) आता हे 'आम्ही बुडतोय' की 'आपण बुडतोय'? होडी एकच आहे, तोही तीत आहे. 'आपण' म्हटलं तर तोही आमच्यासारखाच बुडणार. 'आम्ही' म्हटलं तर आमचं काय व्हायचं ते होतंय, तू मात्र वेगळा. एका सर्वनामावर सगळी गोष्ट फिरते, आणि कोडच्या आठ जागांत त्यासाठी नववी जागा नाही.

म्हणून सध्या आम्ही ती नववी जागा करतोय. मार्कच्या फाईलमधून प्रथम पुरुष, अनेकवचन एवढ्याच ओळी गाळून घेतल्या आणि शेजारी एक रिकामा खाना जोडला. मी प्रोग्राम चालवतो आणि रूममेट प्रत्येक ओळीपुढे 'आम्ही' किंवा 'आपण' भरतो, शंका असेल तिथे दोन्ही. होडीची ओळ त्याने अजून मोकळी ठेवली आहे. कुणाला यात उतरायचं असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन या, सत्तावीसच्या सत्तावीस फायली देतो.