फाडलेला रोखा : मरण व न्याय यांविषयीं ख्रिस्ती आशा

शास्त्रपाठ : योहान ५:२२-२९; ११:१७-४४; रोम १४:१०-१२; कलस्सै २:१३-१५

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतील एका रात्रीं आमच्या मंडळींतील एका वृद्ध बंधूंनीं आम्हांस बोलावून घेतलें. आपला काळ जवळ आला हें त्यांस कळून चुकलें होतें. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मरणाचें भय नाहीं; पुढच्या हिशेबाचें आहे." प्रिय वाचकहो, हें भय पुष्कळांच्या मनांत असतें, पण बोलून दाखविणारे थोडे. म्हणून आज त्याचा विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, न्याय खरा आहे. पौल रोमकरांस सांगतो कीं, प्रत्येकानें देवाला आपलाच जबाब द्यावयाचा आहे, शेजाऱ्याचा नव्हे. "देव दयाळू आहे, तो पाहून घेईल," असें म्हणून पाप हलकें करणें ही आशा नव्हे. गरिबाची बुडविलेली मजुरी व विधवेचें दाबलेलें शेत यांची दाद ज्याच्यापाशीं लागत नाहीं, त्यास नीतिमान् देव कसें म्हणावें?

दुसरी गोष्ट ही कीं, न्यायाधीश अनोळखी नाहीं. पित्यानें सर्व न्याय पुत्राच्या हातीं दिला आहे. बेथानीस लाजराच्या कबरेपाशीं जो रडला, ज्यानें त्याला हांक मारून बाहेर बोलाविलें, आणि ज्यानें आपला दंड वधस्तंभावर सोसला, तोच त्या आसनावर बसणार आहे.

आम्हीं त्या बंधूंस विचारिलें, "कर्ज फिटून रोखा फाडल्यावर सावकाराचा दावा चालतो काय?" ते म्हणाले, "नाहीं." मग कलस्सैकरांस पत्राचा पाठ वाचून आम्हीं म्हटलें, "आपल्याविरुद्धचा रोखा ख्रिस्तानें वधस्तंभास खिळून रद्द केला. फेडणारे आपण नव्हे, फेडणारा तो."

ते बराच वेळ स्वस्थ पडून राहिले. मग म्हणाले, "तर मग माझ्या भावाला बोलवा." शेताच्या बांधावरून दोघे बारा वर्षें बोलत नव्हते. भाऊ भिजत आला आणि उशाशीं बसला. तिसऱ्या दिवशीं त्या बंधूंनीं शांतपणें प्राण सोडला.

तिसरी गोष्ट त्यांनींच आम्हांस शिकविली. ज्याचा रोखा फाटला त्यानें दुसऱ्याचा रोखा जपून ठेवूं नये. खरी आशा मनुष्यास निष्काळजी करीत नाहीं. ती त्याला समेट करावयास व नेमलेलें काम पुरें करावयास मोकळा करिते. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजीं चाळीसाव्या वर्षीं वारली. स्वतः रमाबाईंस पुढें नऊ महिनेही लाभले नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांचा अंत झाला. तरी त्या दिवसांत मूळ भाषांवरून चाललेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं हातचें सोडलें नाहीं. मातेचा शोक खराच होता, पण तो आशाहीनाचा नव्हता.

आपला दिवस कोणता हें आपणांस ठाऊक नाहीं. न्यायाधीश कोण हें मात्र ठाऊक आहे, आणि तेवढें पुरे.

विचारासाठीं प्रश्न :
१. न्यायच नसता तर गांजलेल्यांस आशा उरली असती काय?
२. आपण आपल्या सत्कर्मांवर भिस्त ठेवितों कीं ख्रिस्तावर?
३. कोणाचा रोखा आपण अजून जपून ठेविला आहे? या आठवड्यांत त्याच्याकडे जाल काय?