काकांची वही आणि कॉम्प्युटरचा स्टॉक

मित्रांनो, ईआरपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी कंपनी, एसी सर्व्हर रूम आणि टाय लावलेले कन्सल्टंट येतात. मी मात्र हा विषय शिकलो तो विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका गाळ्यात. सहा लेथ, एक मिलिंग, चौदा कामगार आणि दाराशी एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिथे होतो.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. ५०० स्पिंडलची ऑर्डर आली. एका स्पिंडलला कटिंगसकट ०.४ किलो बार लागतो, म्हणजे एकूण २०० किलो. कॉम्प्युटरवर स्टॉक २४० किलो. शेठनी लगेच फोनवर तारीख देऊन टाकली. प्रत्यक्ष रॅकवर निघाला ९० किलो! १०० किलो बार जॉब वर्कला शेजारच्या गाळ्यात गेला होता आणि ५० किलो रात्रपाळीत स्लिपशिवाय उचलला होता. ११० किलो माल यायला चार दिवस गेले, ऑर्डर उशिरा गेली आणि बोलणी बसली ती स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना.

गंमत म्हणजे काकांच्या खिशातल्या वहीत खरा आकडा होता. पण वहीला कोणी विचारलंच नाही.

आता थोडी थिअरी. लागणाऱ्या मालातून हातातला आणि येणारा माल वजा करायचा, उरेल तेवढा वेळेत मागवायचा, हे एमआरपीचं मूळ गणित. जोसेफ ऑर्लिकी यांचं त्यावरचं गाजलेलं पुस्तक १९७५ चं. पुढे त्यात खरेदी, हिशेब, माणसं सगळं जोडलं गेलं आणि १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने त्याला ईआरपी हे नाव दिलं. गणित चौथीतल्या मुलाचं आहे, पण 'हातातला माल' हा आकडा चुकला की सगळंच चुकतं, आणि तेही झटपट.

मग आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत कॉम्प्युटर चाललाच नाही का? चालला की! १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी सुरू केलेलं टॅली आज गल्लोगल्ली आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये व्हॅट आला, २०१७ मध्ये जीएसटी आला, त्यामुळे बिलं कॉम्प्युटरवर आणणं भागच पडलं. पण रॅकवरचा बार मोजा असं रोज कोण सांगणार? म्हणून हिशेब कॉम्प्युटरवर गेला आणि स्टोअर वहीतच राहिलं. शिवाय किती माल स्क्रॅपमध्ये जातो हे उघड व्हावं असं प्रत्येकाला वाटतंच असं नाही. ही अडचण सॉफ्टवेअरची नाही, माणसांची आहे.

मी काकांना म्हटलं, "तुमची वही कॉम्प्युटरवर चढवूया." ते म्हणाले, "वही गेली की मी पण गेलो. मग मला ठेवतील कशाला?" याचं उत्तर माझ्या सिलॅबसमध्ये नव्हतं.

शेवटी शेठशी बोलून तीन गोष्टी ठरल्या. एक, स्लिपशिवाय माल उचलायचा नाही, रात्रपाळीतसुद्धा. दोन, जॉब वर्कला गेलेल्या मालासाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं. तीन, शुक्रवारी गाळा बंद असतो, त्या दिवशी मी आणि काका दहा आयटम मोजणार. एन्ट्री करणार काकाच, पासवर्डही त्यांचाच. पहिल्या शुक्रवारी दहापैकी चार आकडे जुळले, प्रोजेक्ट संपताना नऊ. काका दोन बोटांनी टाइप करतात, पण आता तारीख देण्याआधी शेठ त्यांना हाक मारतात. वही अजून खिशात आहे. असू दे.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टला जाल तेव्हा स्क्रीनसमोर बसण्याआधी एकदा रॅकजवळ जा, हाताने माल मोजा. आणि ज्याच्या खिशात वही आहे त्या माणसाला विचारा, 'तुम्हाला यातून काय मिळणार?' त्याचं उत्तर जमलं तर सॉफ्टवेअर चालेल. नाहीतर ते टेबलावर आहेच, धूळ खात.