तुंबलेले बेसिन : एक प्रात्यक्षिक पाठ

इयत्ता पाचवी. विषय : परिसर अभ्यास

बेसिनमधील पाणी सावकाश उतरू लागले की पुष्कळ घरांत त्याकडे दुर्लक्ष होते, नाहीतर एखादे तीव्र रसायन ओतले जाते. पहिल्या मार्गाने घाण साठते. दुसऱ्याने प्रसंगी जिवावर बेतते. या पाठात विद्यार्थ्यांना तिसरा मार्ग दाखवावयाचा आहे.

कारण. विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. तो नळीच्या आतील बाजूस चिकटतो व त्यात केस अडकतात. पाण्याची वाट अशा रीतीने दिवसेंदिवस अरुंद होत जाते.

रचना. बेसिनखालील नळी वाकडी असते. त्या वाकात सदैव थोडे पाणी राहते व ते गटारातील दूषित वायूस घरात येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटात अशाच वाकाचा उपयोग केला होता. पारदर्शक नळी वाकवून तीत पाणी भरावे आणि हे तत्त्व वर्गात दाखवावे.

कृती. (१) जाळी काढता येत असल्यास काढावी. टोकाशी आकडा केलेल्या तारेने केस व साका वर ओढावा. आत ढकलू नये.

(२) बेसिनच्या वरच्या अंगाचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे, अन्यथा दाब तेथून निसटतो. रबरी वाटी बुडेल इतके पाणी घेऊन दट्ट्या १० ते १५ वेळा खालीवर करावा.

(३) तरीही पाणी न उतरल्यास खाली बादली ठेवून वाकाची चकती हाताने फिरवून सोडवावी. भाग ब्रशने धुऊन, वॉशर जागच्या जागी बसवून पुन्हा जोडावा. बादलीतील पाणी त्याच बेसिनमध्ये ओतू नये. नळी सुटी आहे हे घाईत विसरले जाते. शेवटी नळ सोडून सांध्यास कोरडा कागद लावून गळती पाहावी.

बेसिनबरोबर नहाणीतील पाणीही तुंबत असेल, तर अडथळा पुढे आहे असे समजून जाणत्या कारागिरास बोलवावे.

सावधगिरी. ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पाणी शुद्ध करण्यासाठी आणलेली पावडर अनेक घरांत असते, म्हणून ही गोष्ट मुलांकडून पुनःपुन्हा वदवून घ्यावी. कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच तापतो व कातडी भाजते. आधी रसायन ओतले असल्यास दट्ट्या मारू नये, नळीही उघडू नये. प्लास्टिकच्या नळीत उकळते पाणी ओतू नये. ती मऊ पडून सांधे सैल होतात. दुसरी व तिसरी कृती मुलांनी वडीलधाऱ्यांसमवेतच करावी. रसायनास हात लावू नये.

स्वाध्याय. घरच्या बेसिनमध्ये एक तांब्या पाणी ओतून ते किती सेकंदांत उतरते ते मोजावे. जाळी साफ केल्यावर पुन्हा मोजावे व दोन्ही आकडे वहीत लिहावेत. वाकाऐवजी सरळ नळी बसविली तर काय होईल, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या शब्दांत द्यावे.