बिशोफ्तू : विवर-सरोवरांचे गाव

लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने ते विवर बनले. पण भूगोलाचा अभ्यास करताना मला अशा एका गावाची माहिती मिळाली, की जेथे एक नव्हे, अनेक विवर-सरोवरे आहेत, आणि तेथील आघात वरून नव्हे तर जमिनीच्या पोटातून झालेला आहे. ते गाव म्हणजे इथिओपियातील बिशोफ्तू. मी तेथे गेलेलो नाही; ग्रंथालयातील पुस्तके व नकाशे एवढाच माझा प्रवास. तरीही तेथे जाणाऱ्याने काय पाहावे, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

राजधानी आदिस अबाबाच्या आग्नेयेस सुमारे ४५ कि.मी.वर, समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. आफ्रिका खंड जेथे फाटत आहे, त्या प्रचंड खचदरीच्या काठाचा हा भाग. तप्त शिलारस वर येताना भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्फोटाने जमिनीत खोल खळगे पडले. पुढे त्यांत पाणी साठले. बिशोफ्तू, होरा, बाबोगाया ही त्यांतील प्रमुख सरोवरे. बिशोफ्तू सरोवराची खोली ८० मीटरहून अधिक आहे.

पाहुण्याने प्रथम सकाळी विवराच्या कडेवरून फेरी मारावी. खाली निळे पाणी, वर घरे, असे दृश्य दिसते. नावेतून फिरण्याची सोय काही सरोवरांवर आहे. पक्ष्यांची आवड असेल तर उथळ चेलेलेका तळ्याकडे जावे. तेथे थंडीत क्रौंच पक्षी उतरतात. अरेंग्वाडे सरोवराच्या नावाचा अर्थच 'हिरवे'. तेथील पाणी अतिशय अल्कधर्मी असून सूक्ष्म शैवालामुळे त्याला तो रंग येतो. गावाच्या दक्षिणेस झुक्वाला हा जुना ज्वालामुखी आहे; त्याच्या माथ्यावरही सरोवर आहे आणि प्राचीन ख्रिस्ती मठ आहे.

जेवणात टेफ या बारीक धान्याची आंबवलेली, घावनासारखी मऊ इंजेरा मिळते. बिशोफ्तूच्या परिसरातील टेफ नावाजलेला आहे आणि त्यावर संशोधन करणारे केंद्रही गावातच आहे. इंजेरेबरोबर 'शिरो' वाढतात. नाव ऐकून गोडाची अपेक्षा करू नये. तो कडधान्याच्या पिठाचा, आपल्या पिठल्याच्या जातीचा पदार्थ आहे.

माझ्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. या सरोवरांची हकीकत घरी सांगितली तेव्हा वडिलांनी एकच विचारले, "पाणी पिता येतं का?" पुस्तकातल्या सौंदर्यवर्णनापेक्षा हा प्रश्न मला अधिक शास्त्रीय वाटला. कारण त्याच्या उत्तरात सारा भूगोल येतो. विवरातून बाहेर वाहणारा ओढा नाही. पाणी उन्हाने आटते आणि क्षार मागे राहतात. शिवाय विवराच्या भिंतींमुळे वारा अडतो व खोल पाणी सहजी ढवळत नाही. तळाशी प्राणवायू नसलेले पाणी साचते. थंड रात्रींत वरचा थर गार होऊन खाली जातो, सरोवर ढवळते आणि कधी मासे मरून वर येतात. ज्या पाण्यात पाहुणा नाव वल्हवतो, त्या पाण्याला असा स्वभाव आहे.

नावांतही इतिहास आहे. 'बिशान' म्हणजे ओरोमो भाषेत पाणी. बिशोफ्तू हे नाव त्यावरूनच आले. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, १९५० च्या दशकात, गावाला 'देब्रे झेइत' हे बायबलमधील जैतून पर्वताचे नाव मिळाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुने नाव अधिकृतपणे परत आले. 'होरा' म्हणजे खनिजयुक्त पाणी, जे गुराढोरांना पाजण्यास नेत.

याच होरा सरोवरावर पावसाळा संपल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या प्रारंभी, ओरोमो लोकांचा इरेचा हा कृतज्ञतेचा उत्सव भरतो. आपल्याकडे घटस्थापनेचे दिवस साधारण हेच. पांढऱ्या वेषातील लाखो माणसे हिरवे गवत व फुले पाण्यात बुडवून ते पाणी अंगावर शिंपडतात आणि पावसाबद्दल 'वाका' या परमेश्वराचे आभार मानतात. २ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे सरकारविरोधी घोषणा झाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरी झाली. पन्नासहून अधिक मृत्यू सरकारने मान्य केले. विरोधकांच्या मते ते कितीतरी जास्त होते. तरीही पुढल्या वर्षी लोक गवताच्या जुड्या घेऊन त्याच काठावर आले.

तेव्हा मित्रहो, बिशोफ्तूला जाणाऱ्याने नौकाविहार अवश्य करावा, इंजेराही खावी. पण काठावर हॉटेले आणि विश्रामगृहे वाढत असताना हे पाणी कोणाचे, याचाही विचार करावा. पाहुण्याला ते एका दिवसाची करमणूक आहे. ओरोमो शेतकऱ्याला ते वर्षभराच्या पावसाची पोच देण्याचे ठिकाण आहे. लोणारच्या काठी उभे असतानाही हा भेद आपण ध्यानात ठेवला, तर भूगोलाचा अभ्यास सार्थकी लागला असे मी म्हणेन.