काल आलेला माणूस

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीची चूकभूल द्यावी-घ्यावी.

यंदा डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक डिप्लोमावाला आपला मेस सेक्रेटरी झाला. "काल आला आणि आज आपल्याला शिकवतो!" म्हणणाऱ्यांत मीही होतो. दिवाळीला एस.टी.ने शहागडला घरी निघालो, तेव्हा मनात आलं, गाडी ज्या शहरातून सुटली ते छत्रपती संभाजीनगरही बाहेरून आलेल्या एका माणसानेच वसवलंय. शाळेत मलिक अंबर दोन ओळींत संपला होता. म्हणून सुट्टीत नीट वाचून काढला.

तो मूळचा इथिओपियाचा, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला. धनी बदलत बदलत तो निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्याकडे आला आणि खानाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. तेव्हा अंबरने फौज जमवली आणि दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं. ताकद असूनही स्वतः गादीवर बसला नाही, कारभार मात्र सांभाळला.

दुसरी गोष्ट, तो इथल्या लोकांकडून शिकला. मराठा घोडेस्वार आणि गनिमी कावा ही त्याची खरी ताकद. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

तिसरी गोष्ट आपल्या कामाची! १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. तिथे डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून आणलं. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार! हायड्रॉलिक्सच्या सरांना विचारा, लेव्हल काढणं किती अवघड असतं ते.

पण एकदा त्याचंही गणित चुकलं. जाधवरावांसारखे मातब्बर सरदार मोगलांना जाऊन मिळाले. १६१६ मध्ये आमच्याच जालना जिल्ह्यातल्या रोषणगावला त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. तो पुन्हा उभा राहिला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत लढत राहिला.

यातून मी एवढंच शिकलो : नवा माणूस वर येतो तो कामाने, पण टिकतो तो जुन्यांच्या साथीने. म्हणजे अर्धी जबाबदारी आपली, जुन्यांची.

सुट्टीनंतर मी सेक्रेटरीकडे गेलो आणि म्हणालो, "भाजीचा हिशेब मी लिहीत जाईन." त्याने काही न बोलता वही पुढे केली. वरण अजून पातळच आहे, पण हिशेब आता जुळतो!